ढील देता आली पाहिजे : बास माशासाठी पाण्यावरचे आमिष कसे निवडावे आणि कसे चालवावे

ऑस्टिन, डॅलस किंवा ह्यूस्टनच्या परिसरात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाच्या घरापासून थोड्या अंतरावर एखादे तळे बहुधा असतेच, आणि त्या तळ्यात लार्जमाउथ बास असण्याची शक्यताही चांगली असते. हा मासा पकडण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारे कृत्रिम आमिष, ज्याला इथे सगळेच ‘टॉपवॉटर’ म्हणतात, ते मी नवशिक्याच्या हाती सर्वांत आधी देतो. पाण्याखाली गेलेल्या आमिषाचे काय चालले आहे हे नवख्या हाताला कळत नाही. पाण्यावरच्या आमिषाची प्रत्येक हालचाल मात्र डोळ्यांसमोर घडते, त्यामुळे चूक तिथल्या तिथे दिसते आणि सुधारता येते. पण सगळे डोळ्यांसमोर घडत असल्यामुळेच मासा आला की हात घाई करतो. ती घाई कशी आवरावी, हा या लेखाचा निम्मा विषय आहे.

आधी परवाना

टेक्ससमध्ये 17 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो. तो ‘टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ विभागाच्या संकेतस्थळावर किंवा मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतो. राज्य उद्यानांच्या, म्हणजे स्टेट पार्कच्या, हद्दीत काठावरून गळ टाकणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून आपल्याला हा छंद रुचतो की नाही हे आजमावण्यासाठी पहिली सकाळ तिथे घालवणे सोयीचे ठरते. मासा घरी नेण्याचे नियम मात्र तिथेही लागू असतात. सर्वसाधारणपणे लार्जमाउथ बास किमान 14 इंचांचा असावा लागतो आणि दिवसाला 5 बास ठेवता येतात. परंतु काही तलावांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्कमध्ये, जिथे 1992 साली 18.18 पौंडांचा आजवरचा राज्य विक्रमी बास मिळाला, तिथे 16 ते 24 इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक नव्या पाण्यावर जाण्यापूर्वी त्या पाण्याचा नियम वाचून घ्यावा.

मासा आमिष कसा घेतो, हे समजून घ्या

लार्जमाउथ बास ओळखणे सोपे आहे. हिरवट अंग, कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळपट पट्टा, आणि तोंड मिटलेले असताना डोळ्याच्याही मागे जाणारा वरचा जबडा. ते मोठे तोंड चावण्यासाठी नसून ओढून घेण्यासाठी आहे. बास भक्ष्याच्या जवळ येतो, तोंड एकदम उघडतो, कल्ले फाकवतो आणि आत निर्माण झालेल्या पोकळीत भक्ष्य पाण्यासकट खेचले जाते. हे सारे क्षणार्धात होते. आता कल्पना करा, की त्याच क्षणी आपला दोरा सतारीच्या तारेसारखा ताणलेला आहे. आमिषाला मागे ओढून धरणारे काहीतरी असल्यामुळे ते आत जातच नाही. पाणी उसळते, मोठा आवाज होतो आणि गळ रिकामा राहतो. दोऱ्यात वीतभर ढील असेल, तर आमिष सहज आत जाते. पतंग उडवलेल्या माणसाला ढिलीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. इथेही ती आमिष चालवताना लागते आणि मासा आल्यावरही लागते.

दुसरी गोष्ट, हा मासा खालून वर पाहतो. त्याला आमिषाच्या पाठीवरची सुंदर रंगरंगोटी दिसत नाही, आकाशाच्या उजेडावर उठलेली त्याची आकृती आणि पोटाचा रंग दिसतो. त्याशिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेमुळे पाण्यातली थरथर त्याला अंधारातही जाणवते. म्हणून रंगांच्या मोहात पडू नये. पांढऱ्या किंवा हस्तिदंती पोटाचे एक, आणि रात्रीसाठी व अगदी भल्या पहाटेसाठी काळे एक, एवढ्यावर माझी बरीच वर्षे चांगली गेली आहेत.

वेळ आणि जागा

पाण्याचे तापमान साधारण 60 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 16 अंश सेल्सिअसच्या, वर गेले की पृष्ठभागावरची मासेमारी सुरू होते. मध्य टेक्ससमध्ये हे बहुधा मार्चमध्ये घडते आणि नोव्हेंबरपर्यंत पुरते. एप्रिल-मे हा काळ मला सर्वांत आवडतो. विणीनंतर भुकेलेले बास उथळ पाण्याजवळच असतात, आणि पहाटे शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे अंडी घालायला दगडी बांधांच्या कडेला आले, की बासही त्यांच्या मागोमाग येतात. जून ते ऑगस्टमध्ये उजाडण्यापूर्वीचा अर्धा तास आणि सूर्य वर येईपर्यंतचा त्यानंतरचा तास, तसेच संध्याकाळ, एवढाच वेळ खरा. भर उन्हात बास सावलीत किंवा खोल पाण्यात जातो. आकाश भरून आलेले असेल तर मात्र दुपारीही प्रयत्न करावा.

जागा निवडताना पाण्याच्या मध्याकडे पाहू नये, कडांकडे पाहावे. पाणवनस्पतींचा पट्टा जिथे संपतो ती कड, पाण्यात पडलेले झाड, बोटींच्या धक्क्याची सावली, पाणकणसांच्या रांगेत पडलेली खिंड, पाण्यात घुसलेले जमिनीचे टोक, अशा ठिकाणी बास दबा धरून असतो. आमिष नेमके त्या जागेवर टाकू नये. त्या जागेच्या चार-पाच फूट पुढे टाकावे आणि चालवत तिच्याजवळून आणावे, कारण डोक्यावर धपकन पडलेल्या वस्तूने उथळ पाण्यातला मासा पळून जातो.

ऑस्टिन शहराच्या मधोमध असलेले लेडी बर्ड लेक नवशिक्यासाठी उत्तम आहे. तिथे पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना बंदी असल्यामुळे पाणी शांत राहते, आणि काठाने पायवाट असल्यामुळे चालत जाऊन बरीच जागा धुंडाळता येते. त्याच पायवाटेवर पळणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांचीही वर्दळ असते, म्हणून रॉड मागे नेण्यापूर्वी प्रत्येक वेळी मान वळवून मागे पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. टेक्ससच्या काठांवर लाल आग्या मुंग्यांची वारुळे आणि पाण्यातले विषारी कॉटनमाउथ साप, दोन्ही असतात. पायात बंद बूट असावेत आणि दाट गवतात पाय टाकण्यापूर्वी खाली पाहावे.

रॉड, रीळ आणि दोरा

सुरुवातीला साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि त्यावर साधे स्पिनिंग रीळ पुरे आहे. फार ताठ रॉड घेऊ नये. टोक थोडे लवचीक असेल तर आमिष नाचवणे सोपे जाते आणि छोटे गळ माशाच्या तोंडातून फाटून निघत नाहीत.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दुकानात फ्लुओरोकार्बनचा दोरा उत्तम म्हणून पुढे केला जाईल, आणि पाण्याखालच्या कामाला तो उत्तमच आहे. पण तो बुडतो, आणि बुडताना हलक्या आमिषाचे नाक खाली ओढतो. पाण्यावरच्या कामाला न बुडणारा विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, आणि त्याच्या टोकाला दोनेक फूट नायलॉनचा मोनो दोरा ही जोडी सर्वांत चांगली. स्पिनिंग रिळावर 30 पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, ब्रेड आणि पुढे 15 पौंडांचा मोनो असे मी वापरतो. मोनोचा तुकडा केवळ दिखाव्याचा नाही. ब्रेड मऊ असल्यामुळे तो पुढच्या गळाभोवती सारखा गुंडाळला जातो. मोनो थोडा ताठ असल्याने तसे होत नाही. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाने तापून मोनो तिथेच कमजोर होतो.

चार प्रकारची आमिषे, पण सुरुवात एकाने

अमेरिकेतल्या या आमिषांचा उगम सांगताना मिशिगनमधल्या डोवॅजियॅक गावच्या जेम्स हेडन यांचे नाव हमखास निघते. त्यांनी 1890च्या दशकात लाकडाचे बेडूक कोरून बास पकडायला वापरले. त्यांच्याच नावाच्या कंपनीचे झारा स्पूक हे प्लास्टिकचे आमिष 1939 पासून आजतागायत विकले जाते. या प्रकाराची मांडणी फारशी बदललेली नाही, याचे कारण बास बदललेला नाही.

पहिला प्रकार पॉपर. याचे तोंड वाटीसारखे खोलगट असते. झटका दिला की ते पाणी थुंकते आणि ‘पॉप’ असा आवाज करते. नवशिक्याने अडीच ते तीन इंचांचा पॉपर घ्यावा. रेबेल कंपनीचा पॉप-आर हा या प्रकाराचा जुना, स्वस्त आणि भरवशाचा नमुना आहे. मागच्या गळाला पिसे बांधलेली असतील तर अधिक चांगले, कारण आमिष थांबलेले असतानाही ती पिसे हलकेच उघडतात आणि मिटतात.

दुसरा प्रकार चालणाऱ्या आमिषाचा. झारा स्पूक याच जातीचे. सिगारसारखा साधा आकार, स्वतःची काहीही हालचाल नाही. जे करायचे ते आपल्या मनगटाने. याची डावीकडे-उजवीकडे होणारी नागमोडी चाल पाहून इथले लोक तिला ‘कुत्र्याला फिरवणे’ म्हणतात. शिकायला वेळ लागतो, पण मोकळ्या पाण्यात दुरून मासे बोलावण्यात याच्यासारखे दुसरे नाही.

तिसरा प्रकार पंखा फिरणाऱ्या आमिषांचा, यांत बझबेट प्रमुख. हे तरंगत नाही, सतत ओढत राहिले तरच वर राहते. म्हणून पाण्यावर पडण्याच्या क्षणीच रीळ फिरवायला सुरुवात करावी लागते. वाऱ्याने पाणी खळखळत असेल आणि पॉपरचा आवाज त्यात हरवत असेल, तेव्हा हे काढावे.

चौथा प्रकार पोकळ रबरी बेडकाचा. कृष्णा-भीमेच्या काठी लहानपणी जिवंत बेडूक लावून मरळ धरणाऱ्यांना पाहिलेल्या वाचकाला या आमिषाची ओळख पटायला वेळ लागणार नाही. आज भारतात मरळीसाठी हेच रबरी बेडूक वापरणारे पुष्कळ आहेत. याचे दोन्ही गळ वर वळून अंगाला चिकटलेले असल्यामुळे ते कमळाच्या पानांवरून आणि शेवाळाच्या जाड थरावरून न अडकता सरकते. मात्र याला ताठ, जड रॉड आणि 50 ते 65 पौंडांचा नुसता ब्रेड लागतो, कारण मासा लागला की त्याला वनस्पतींच्या गुंत्यातून उपसून काढावे लागते. म्हणून बेडूक दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा, असे माझे मत आहे. वापरताना अधूनमधून दाबून त्याच्या पोटातले पाणी काढत राहावे.

चारही प्रकार एकदम विकत घेण्याचा मोह होईल, आवरावा. एक पॉपर घ्यावा आणि पहिला महिनाभर तोच वापरावा. पेटीत आमिषे वाढली की मासा न येण्याचा दोष आपण आमिषावर टाकतो, ते बदलतो, आणि कोणतेच नीट शिकत नाही.

पॉपर चालवण्याची रीत

आमिष पाण्यावर पडले, की काहीही करू नये. पडल्यामुळे उठलेली वर्तुळे पसरत जातात. ती पूर्ण विरेपर्यंत थांबावे. तेवढ्या वेळात फक्त फालतू दोरा गुंडाळून घ्यावा, पण आमिष हलता कामा नये आणि दोरा ताणला जाता कामा नये. मग रॉडचे टोक पाण्याच्या दिशेने खाली ठेवून सहा-आठ इंचांचा लहानसा झटका द्यावा आणि टोक लगेच आमिषाच्या दिशेने परत न्यावे. हे परत नेणेच महत्त्वाचे, कारण त्यानेच ढील मिळते. ‘पॉप, पॉप’, आणि थांबायचे. पुन्हा वर्तुळे विरू द्यायची. नवशिक्याला दोन सेकंद थांबल्यावर दहा सेकंद थांबल्यासारखे वाटते, म्हणून मी मुलांना मनातल्या मनात पाढा म्हणायला सांगतो. बेचा पाढा दहापर्यंत आला, की पुढचा झटका.

एका जूनमधली पहाट माझ्या डोळ्यांसमोर आहे. लेडी बर्ड लेकच्या काठी सायप्रसची मोठी झाडे आहेत आणि त्यांची मुळे पाण्यात उतरलेली आहेत. अशाच एका बुंध्यापलीकडे पॉपर टाकून मी दोन झटके दिले आणि थांबलो. वर्तुळे बुंध्याला जाऊन लागली, परत आली, पाणी काचेसारखे झाले. पॉपरच्या मागची पिसे तेवढी किंचित हलत होती. मग मुळांच्या बाजूने पाण्याला एक फुगवटा आला, पॉपरपासून हातभर अंतरावर येऊन विरला, आणि पुन्हा काही नाही. मासा खाली उभा राहून पाहत होता. अशा वेळी आमिष ओढण्याची ऊर्मी अनावर होते. मी दोऱ्याला केवळ पिसे थरथरतील इतकाच स्पर्श केला आणि पॉपर एका लहानशा ‘चुप्’ आवाजासरशी दिसेनासा झाला. मोठा मासा पुष्कळदा असाच, गाजावाजा न करता घेतो.

मासे कसे घेत आहेत यावरून गती ठरवावी. थांबलेले असताना घेत असतील तर आणखी थांबावे. हलते आमिष पाहून मागे धावत असतील तर झटके जवळजवळ द्यावेत. पाणी थंड असताना संथ आणि गरम असताना जलद, हा सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक आहे.

चालणारे आमिष

पॉपर हाताला बसला, की स्पूककडे वळावे. आमिष थेट गाठीने न बांधता सैल फासाच्या गाठीने किंवा छोट्या कडीने जोडावे, म्हणजे त्याचे नाक दोन्ही बाजूंना मोकळेपणाने वळते. रॉडचे टोक खाली, मनगटाने एका लयीत छोटे झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर ढील. झटक्याने आमिषाचे नाक डावीकडे वळते. ढील मिळाली की ते त्या बाजूला सरकत जाते. सरकणे संपत असतानाच पुढचा झटका मिळाला की ते उजवीकडे वळते. दुसरा हात रीळ सावकाश फिरवत फक्त वाढलेली ढील गोळा करतो, आमिष ओढत नाही. आमिष सरळ रेषेत तुमच्याकडे येत असेल, तर दोरा ताणलेला आहे असे खुशाल समजावे. पंधरा फुटांवर, स्वच्छ पाण्यात, मासे पकडण्याचा विचार बाजूला ठेवून अर्धा तास फक्त ही चाल गिरवावी. एकदा लय सापडली की ती हात विसरत नाही.

मासा आल्यावर

पाणी फुटले की झटका द्यायचा नाही. तो क्षण माशाने आमिष घेतल्याचा असेलच असे नाही. अनेकदा त्याने फक्त धडक दिलेली असते किंवा नेम चुकलेला असतो. आमिष दिसेनासे व्हावे, दोरा चालू लागावा, आणि माशाचे वजन रॉडमध्ये जाणवावे. ते जाणवल्यावरच रॉड बाजूला, ठाम पण बेताच्या जोराने ओढावा. पॉपर आणि स्पूकचे तिहेरी गळ बारीक व अणकुचीदार असल्यामुळे दोरा ताणलेला ठेवून रीळ फिरवत राहिले तरी ते रुततात. बेडकाचे मात्र वेगळे. तिथे वजन जाणवल्यावर सगळी ढील गुंडाळून पूर्ण ताकदीने ओढावे लागते, कारण जाड गळ आधी रबर दाबून मग जबड्यात शिरायचा असतो.

नेम चुकला आणि आमिष अजून पाण्यावर असेल, तर ते तिथेच राहू द्यावे. घाबरून ओढून घेतले तर मासा संपला. क्षणभर थांबून हलकेच हलवले तर तो पुष्कळदा परत येतो. तरीही न आल्यास, शेजारी तयार ठेवलेल्या दुसऱ्या रॉडने वजन न लावलेली मऊ प्लास्टिकची अळी त्याच जागी टाकून बुडू द्यावी. या युक्तीने मला चुकलेले मासे जितके परत मिळाले, तितके दुसऱ्या कशाने मिळाले नाहीत.

मासा लागल्यावर रॉडचे टोक खाली ठेवावे. वर धरले की बास उडी मारतो, हवेत डोके झटकतो, आणि दोन-तीन गळ लोंबणारे जड आमिष त्या झटक्यासरशी सुटून थेट आपल्या चेहऱ्याकडे येऊ शकते. म्हणून चष्मा, साधा का असेना, डोळ्यांवर असलाच पाहिजे. मुलांच्या बाबतीत याला अपवाद नाही.

गळ काढणे आणि मासा सोडणे

तोंडात तिहेरी गळ असलेल्या बासच्या जबड्यात सवयीने अंगठा घालू नये. मी एकदा घातला होता. माशाने अंग झटकले, मागचा मोकळा गळ माझ्या अंगठ्यात गेला आणि दुसऱ्या टोकाला दोन किलोचा मासा धडपडत होता. तेव्हापासून मी घरातच पक्कडीने प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करतो. दोरा ताणलेला असला की मासे फारसे सुटत नाहीत, आणि माशाच्या किंवा माणसाच्या अंगातून गळ आल्या वाटेने निघतो. काटा न दाबलेला गळ खोल रुतला असेल, किंवा डोळ्याजवळ, मानेत लागला असेल, तर स्वतः ओढाओढ न करता डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी.

लांब नाकाची पक्कड हाताशी ठेवून आधी गळ काढावे, मगच खालचा ओठ अंगठा व तर्जनीत धरावा. मोठा मासा आडवा उचलताना दुसरा हात पोटाखाली द्यावा. नुसत्या जबड्यावर तिरका लोंबकळत ठेवल्यास त्याच्या जबड्याला इजा होते. हात ओले असावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचे संरक्षक बुळबुळीत आवरण निघून जाते. उन्हाळ्यात पाणी गरम आणि त्यातला प्राणवायू कमी असतो, तेव्हा फोटोसाठी मासा फार वेळ पाण्याबाहेर ठेवू नये. फोटो घेणाऱ्याने तयार व्हावे, मग मासा उचलावा. सोडताना फेकू नये. पाण्यात सरळ धरून ठेवावा, आणि त्याने स्वतः शेपूट मारून हात सोडवला की जाऊ द्यावा.

घरी आल्यावर आमिषे पेटीत ओली टाकू नयेत, गळ गंजतात. प्रत्येक गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. ते रुतले तर ठीक, घसरले तर पुढच्या पहाटेआधी तो गळ बदलावा.